डीटूएम : फोनवर फुकट टीव्ही, पण मानक ठरवणार कोण?

वरळीचा मनोरा (धागाकर्ता)

19 नोव्हेंबर 2023. अहमदाबादचा विश्वचषकाचा अंतिम सामना. निकालाबद्दल बोलायचं नाही, फक्त एक आकडा आठवा. त्या दिवशी हॉटस्टारवर एका वेळी 5.9 कोटी लोक सामना बघत होते. चेंडू एकच, मैदान एकच, तो ट्रॅव्हिस हेडही एकच (शिव्या आवरा), पण ते चित्र इंटरनेटवरून 5.9 कोटी वेगवेगळ्या धारांनी गेलं. गावात एकदा दवंडी पिटून भागलं असतं, तिथे आपण घरोघर जाऊन प्रत्येकाच्या कानात सांगत बसलो.

डायरेक्ट टू मोबाइल, म्हणजे डीटूएम, ही ती दवंडी. टॉवरवरून एकदाच लहरी सोडायच्या. ज्याच्या फोनमध्ये त्या पकडणारी चिप असेल त्याने बघावं. सिमकार्ड नको, डेटा पॅक नको, ऐन षटकारावर गोल फिरणारं चक्र नको. एकाने बघितलं काय आणि कोटीने बघितलं काय, टॉवरला दोन्ही सारखंच.

माहिती व प्रसारण खात्याचे तेव्हाचे सचिव अपूर्व चंद्रा यांनी जानेवारी 2024 मध्ये 19 शहरांत चाचण्या घेण्याचं जाहीर केलं होतं. 470 ते 582 मेगाहर्ट्झचा पट्टा यासाठी राखून ठेवायचा आग्रह धरू, असंही ते म्हणाले. त्यांनीच दिलेला हिशेब असा : देशात 28 कोटी घरं, टीव्ही 19 कोटी घरांत. उरलेल्या आठ-नऊ कोटी घरांत टीव्ही नाही. फोन मात्र त्यातल्या बऱ्याच घरांत असणार.

तंत्र, म्हणजे प्रक्षेपणाचं मानक, आहे एटीएससी 3.0. जन्म अमेरिकेतला, पण नियमित प्रक्षेपण आधी सुरू केलं दक्षिण कोरियाने, 31 मे 2017 ला. आणि मला महत्त्वाचं वाटतं ते पुढे आहे. ते पकडणारी चिप बंगळूरच्या सांख्य लॅब्जने बनवली. पराग नाईक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केलेली ही कंपनी. 2022 मध्ये टाटांच्या तेजस नेटवर्क्सने तिच्यातला मोठा हिस्सा घेतला. चिपमागे अमेरिकेतल्या सिंक्लेअर या प्रक्षेपण कंपनीचेही पैसे आहेत.

आजवर टीव्हीच्या बाबतीत आपण कायम तयार कपडे घातले. 1982 मध्ये रंग आला तो जर्मनीत वॉल्टर ब्रूख यांनी केलेल्या पाल पद्धतीचा. डिश आली ती युरोपच्या डीव्हीबीवर. कापड त्यांचं, शिंपी त्यांचा, आपण फक्त बाहीत हात घालून बघायचो. आता पहिल्यांदा माप आपण देतोय, तर विरोध कोण करतंय? नोव्हेंबर 2023 मध्ये रॉयटर्सची बातमी होती : सॅमसंग, क्वालकॉम, एरिक्सन आणि नोकिया यांनी सरकारला कळवलं की यामुळे फोन सुमारे 30 डॉलरने, म्हणजे अडीच हजार रुपयांनी महाग होईल आणि बॅटरीही मार खाईल. या चौघांपैकी कोणाची चूल मोबाइल डेटावर पेटत नाही, ते मला सांगा.

माझं मत स्पष्ट आहे. सरकारने मानक ठरवावं आणि फोनवाल्यांना ते सक्तीचं करावं. मतं मांडा. फक्त "फोनवर टीव्ही कोण बघतं" असं कोणी लिहू नका. एकदा विरार लोकलमध्ये बसून या, मग बोलू.

---

खडूस सदाशिव

विरार लोकलमध्ये बसायला मिळतं? कुठल्या मानकानुसार?

---

पाव तरंग

असहमत. मी आरएफमध्ये (रेडिओ लहरींच्या तंत्रात) काम करतो, त्यामुळे रडगाणं थोडं तांत्रिक होईल. माफी असावी.

तुम्ही चिपबद्दल लिहिलंत, अँटेनाबद्दल एक अक्षर नाही. 500 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी 60 सेंटीमीटर. अँटेना नीट चालायचा तर निदान पाव लांबी हवी, म्हणजे 15 सेंटीमीटर (माझ्या आयडीचा उगम इथेच). तुमचा अख्खा फोन साधारण तेवढाच. त्यात 4जी-5जीचे अँटेने, वायफाय, जीपीएस आधीच दाटीवाटीने बसलेत, वर तुमचा हात, वर बॅटरी. छोटा अँटेना बसवता येतो, पण मग तो कमी ऐकतो. कमी ऐकणाऱ्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं, म्हणजे जास्त टॉवर, जास्त शक्ती. खर्च फोनमधून काढून टॉवरवर टाकलात इतकंच.

दुसरं, हा काही नवा विचार नाही. या वाटेवर बरीच थडगी आहेत. डीव्हीबी-एच : फोनवरच्या टीव्हीचं युरोपातलं मानक, मागे नोकिया, आणि मार्च 2008 मध्ये युरोपीय आयोगाने ते अधिकृत मानकांच्या यादीत घातलं. तुम्हाला हवा तसा सरकारी शिक्का! पुढच्या काही वर्षांत एकेका देशात दिवे मालवले. मीडियाफ्लो : क्वालकॉमचं स्वतःचं, 2007 मध्ये अमेरिकेत सुरू, मार्च 2011 मध्ये बंद, आणि त्याचा स्पेक्ट्रम एटी अँड टीला 1.925 अब्ज डॉलरला विकला. तेव्हा क्वालकॉम आज विरोध करते ती केवळ डेटाच्या लोभाने असं नाही. दुधाने तोंड पोळलेली कंपनी आहे, ताक फुंकणारच.

जपानचं वनसेग त्यातल्या त्यात चाललं. 1 एप्रिल 2006 ला सुरू झालं, फुकट होतं, फोनमधून दातकोरण्यासारखा अँटेना ओढून काढायचा. मग आयफोन आला. त्यात वनसेग कधीच नव्हतं आणि लोकांनी तक्रारही केली नाही. अवांतर : 2019 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की वनसेगचा फोन असेल तर एनएचके या सार्वजनिक प्रसारकाची वर्गणी भरावी लागेल, बघा किंवा न बघा. 'फुकट टीव्ही' हा शब्द जपून वापरा.

---

वरळीचा मनोरा

पाव तरंग साहेब, थडग्यांची यादी बरोबर, निदान चुकीचं. मीडियाफ्लो आणि बहुतेक डीव्हीबी-एच सेवा पैसे भरून बघायच्या होत्या. महिन्याची वर्गणी भरून तळहाताएवढ्या पडद्यावर चार वाहिन्या कोण बघेल? जे फुकट होतं ते वनसेग त्यातल्या त्यात चाललं, हे तुम्हीच लिहिलंत. 2011 च्या भूकंपानंतर वीज गेलेल्या भागात लोकांनी त्यावर बातम्या बघितल्या.

आणि तंत्र तिथेच थांबलेलं नाही. एटीएससी 3.0 मध्ये एकाच वाहिनीत दोन थर पाठवता येतात : वरचा दणकट, फोनसाठी, खालचा नाजूक, घरातल्या मोठ्या टीव्हीसाठी. गोंगाटाखाली दबलेला दणकट थरही वाचता येतो. 2008 च्या फोनला हे शक्य नव्हतं.

आणीबाणीचं काय? पूर आला, मोबाइलचे टॉवर बंद पडले, तर सांगलीत बातमी पोचणार कशी?

---

पाव तरंग

> आणीबाणीचं काय?

2023 मध्ये एके दिवशी सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले होते, आठवतंय? आमच्या ऑफिसात एकाने चहा सांडला. ती सेल ब्रॉडकास्टची, म्हणजे मोबाइलच्या टॉवरवरून सगळ्या फोनना एकदम सूचना पाठवण्याची, चाचणी होती. त्याला नवी चिप लागली नाही, नवा अँटेना नाही, अमेरिकेचं मानकही नाही. मोबाइलचा टॉवर पडला तर काय, हा प्रश्न मान्य. पण मग उत्तर टॉवरला बॅटरी आणि डिझेल देणं आहे, सगळ्यांच्या खिशात अडीच हजारांची चिप घालणं नाही.

---

केबलवाला सोलापूर

मंडळी, तुमचं मेगाहर्ट्झ मला कळत नाही असं नाही, आमची वायर त्याच्यावरच चालते. पण 'मानक' म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

2012-13 आठवा. आधी मुंबई झाली, मग दुसऱ्या टप्प्यात आम्ही : पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर. 31 मार्च 2013 नंतर ॲनालॉग बंद, घरोघरी सेट टॉप बॉक्स. वरून सांगितलं, डिजिटल आहे, मानक आहे, ग्राहकाचा फायदा आहे. मी दारोदार फिरून बॉक्स बसवले. वर्षभरात माझ्या वरच्या नेटवर्कवाल्याने व्यवहार बदलला, तर जुने बॉक्स नव्या सिग्नलवर चालेनात! मानक एकच, पण सिग्नलला लावलेलं कुलूप ज्याचं त्याचं वेगळं. माझ्या माळ्यावर अजून पोतंभर बॉक्स पडलेत. एका आजीने मला विचारलं होतं, "बाळा, कुकर बदलला तर गॅस बदलावा लागतो का रे?" मी काय सांगणार?

तर माझा प्रश्न साधा. हे डीटूएमचं कुलूप कोणाकडे राहणार?

(आणि हो, माझा स्वार्थ आहे. फुकट टीव्ही फोनवर आला तर माझं दुकान बंद. फ्री डिशने अर्धं केलंच आहे. लपवत नाही.)

---

डॅलसची मावशी

केबलवाले भाऊ, अगदी वर्मावर बोट ठेवलंत. मी टेक्सासमध्ये राहते, इथे एटीएससी 3.0 चालू आहे, तेव्हा 'प्रत्यक्ष वापरणारी' म्हणून लिहिते.

इथे पहिल्या पिढीचं डिजिटल मानक कसं ठरलं ती गोष्ट आधी सांगते, कारण धागाकर्त्यांना वाटतंय की अमेरिकेत सगळं शहाणपणाने होतं. 1987 मध्ये जपानच्या एनएचकेने आपला हाय-व्हिजन टीव्ही इथे दाखवला आणि अमेरिकन उद्योगाची झोप उडाली. एफसीसीने (इथला प्रसारणाचा सरकारी नियामक) रिचर्ड वायली यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. स्पर्धा लागली. 1990 मध्ये सॅन डिएगोच्या जनरल इन्स्ट्रुमेंटने पूर्ण डिजिटल पद्धत मांडली आणि बाकीचे प्रस्ताव एका रात्रीत म्हातारे झाले. 1993 मध्ये भांडणारे सगळे एकत्र आले, ती 'ग्रँड अलायन्स' : एटी अँड टी, जनरल इन्स्ट्रुमेंट, एमआयटी, फिलिप्स, सार्नोफ, थॉमसन, झेनिथ. प्रत्येकाचा एकेक तुकडा मानकात. प्रक्षेपणाची पद्धत झेनिथची. ध्वनी डॉल्बीचा, त्या निवडीमागचा एमआयटी आणि डॉल्बी यांच्यातला करार पुढे कोर्टात गेला आणि डॉल्बीने एमआयटीला 3 कोटी डॉलर दिले. थोडक्यात, वाटणीच होती, भावकीत जमिनीची होते तशी.

आता गंमत ऐका. झेनिथ पुढे एलजीने विकत घेतली. म्हणजे पहिल्या मानकाच्या पेटंटवर एलजीने कमावलं. एटीएससी 3.0 आल्यावर त्याच एलजीवर दुसऱ्या एका कंपनीने पेटंटचा दावा लावला, 2023 मध्ये टेक्सासच्याच कोर्टात एलजी हरली, आणि 2024 च्या अमेरिकेतल्या टीव्हींमधून तिने एटीएससी 3.0 चा ट्यूनर काढूनच टाकला. मानकाची जी सर्वांत मोठी पाठीराखी, तिनेच दुकान आवरलं!

आणि कुलूप? आहे ना. इथल्या बऱ्याच वाहिन्या नवा सिग्नल कुलूपबंद करून पाठवतात. अँटेना माझा, छप्पर माझं, लहरी जनतेच्या, पण मी घेतलेला एक डबा इंटरनेट गेलं की त्या वाहिन्या दाखवायला नकार द्यायचा. वादळाची सूचना चालू असताना, म्हणजे नेमकी हवी तेव्हा! शेवटी परत केला आणि जुन्या एटीएससीवर आले. जुना सिग्नल अजून बंद झालेला नाही म्हणून वाचले. फेब्रुवारी 2025 मध्ये प्रसारकांच्या संघटनेने एफसीसीकडे अर्ज केला की मोठ्या 55 बाजारपेठांत फेब्रुवारी 2028 पर्यंत जुना सिग्नल बंद करू द्या.

मी डीटूएमच्या विरुद्ध नाही हो. चित्र खरंच सुंदर असतं. पण आई जेवायला वाढते आणि हॉटेलवाला वाढतो यात फरक आहे. प्रसारक आणि फोन कंपन्या, दोघेही हॉटेलवालेच.

---

खडूस सदाशिव

मावशी, एमआयटीचे 3 कोटी डॉलर वाचून 'निःपक्षपाती तज्ज्ञ समिती' या शब्दप्रयोगाबद्दलचा माझा आदर दुणावला.

---

निवृत्त रिले

नमस्कार. दूरदर्शनच्या अभियांत्रिकी विभागात तीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी डोंगरावर. मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्याला सिग्नल मिळू लागला. सिंहगडावर नोकरी म्हटली की नातेवाईक हेवा करायचे, पावसाळ्यातलं धुकं आणि वीज कडाडताना ट्रान्समीटरशेजारी बसणं त्यांना दिसत नसे. असो.

दोन्ही बाजूंच्या काही गोष्टी सुटल्या आहेत.

धागाकर्ते, 'पहिल्यांदाच' हा शब्द मागे घ्या. फोनवर टीव्ही आपण आधीही करून पाहिला. फेब्रुवारी 2016 मध्ये दूरदर्शनने 16 शहरांत डीव्हीबी-टी2 या युरोपीय मानकावर सेवा सुरू केली : दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, आपल्याकडे औरंगाबादही. फोनला एक डोंगल लावायचं आणि बघायचं. मी हौसेने घेतलं. घरात अंधार, बाल्कनीत चित्र, गॅलरीच्या कठड्यावर फोन टेकवला की उत्तम चित्र. पत्नी म्हणाली, "मग टीव्ही कशाला विकला?" प्रश्न तंत्राचा नव्हता. ट्रान्समीटर चांगले होते. पण डोंगल दुकानात मिळेना, टीव्हीवाले ट्यूनर घालेनात, आणि आमच्या खात्याने कोणाला काही सांगितलंच नाही. माझ्या शेजाऱ्यांना आजही माहीत नाही की अशी सेवा होती. पुढे ॲनालॉग ट्रान्समीटर बंद करत आणले. जे मनोरे उभारायला आमची उमेद गेली, तिथे आता शांतता आहे.

म्हणून मी सक्तीच्या बाजूने थोडा झुकतो. ग्राहकाच्या हातात यंत्रच पोचलं नाही तर सर्वोत्तम मानकही कागदावरचं.

पण सक्ती कोणत्या अटीवर, हे ब्राझीलकडून शिकावं. 1998 ते 2000 या काळात साओ पाउलोच्या मॅकेन्झी विद्यापीठाने अमेरिका, युरोप आणि जपान या तिघांची मानकं शेजारी शेजारी ठेवून तपासली. नुसती कागदावर नाही, शहरात फिरून. घरातल्या अँटेनावर अमेरिकेचं मागे पडलं. इमारतींवर आपटून येणाऱ्या लहरी त्याला पेलवेनात. 2006 मध्ये ब्राझीलने जपानचं घेतलं, पण जसंच्या तसं नाही. चित्रासाठी एमपीईजी-4 घातलं, परस्परसंवादासाठी 'गिंगा' नावाचं स्वतःचं सॉफ्टवेअर घातलं. हे मिश्रण मग दक्षिण अमेरिकेतल्या बहुतेक देशांनी उचललं. आता ऑगस्ट 2025 मध्ये राष्ट्राध्यक्ष लुला यांनी पुढच्या पिढीच्या 'टीव्ही 3.0' च्या आदेशावर सही केली. त्यात लहरींची पद्धत एटीएससी 3.0 ची, चित्र व्हीव्हीसीचं, ध्वनी एमपीईजी-एचचा. म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वी ज्यांना नापास केलं त्यांचंच नवं तंत्र घेतलं, पण ताटातला एकच पदार्थ. बाकीचे दुसऱ्या हलवायांकडून.

आपण असं शेजारी शेजारी ठेवून बघितलं का? चाचण्या झाल्या दिल्लीच्या कर्तव्यपथावर, नोएडात, बंगळूरमध्ये. त्या एटीएससी 3.0 च्या. 5जी ब्रॉडकास्ट, म्हणजे मोबाइलच्याच तंत्रातून निघालेली स्पर्धक पद्धत, त्याच टॉवरवर, त्याच रस्त्यावर, त्याच फोनच्या मापात तपासल्याचं माझ्या वाचनात आलेलं नाही. एकाच मुलीला बघून लग्न ठरवायला माझा विरोध नाही, पण मग 'दहा स्थळं पाहिली' असं सांगू नये.

---

वरळीचा मनोरा

रिले काका, 'पहिल्यांदाच' मागे घेतला. औरंगाबादचं मला खरंच माहीत नव्हतं. आणि डोंगलची गोष्ट माझ्या मुद्द्याला बळच देते.

पण 5जी ब्रॉडकास्टचं नाव निघालंच आहे तर पाव तरंग साहेबांना विचारतो. विरोधक म्हणतात वेगळ्या चिपची गरज नाही, 5जी ब्रॉडकास्ट घ्या, ते मोडेममध्येच बसेल. युरोपात 2022 च्या युरोव्हिजनला आणि 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकला त्याच्या चाचण्या झाल्या. मागे क्वालकॉम, रोड अँड श्वार्ट्झ. आता सांगा, त्या चाचण्या कोणत्या लहरींवर? त्याच टीव्हीच्या पट्ट्यात! मग तुमचं ते 15 सेंटीमीटरचं दुखणं 5जी ब्रॉडकास्टला होत नाही का? लहर काय ब्रँड बघून आखूड होते?

दुसरं. सॅमसंग भारतात एटीएससी 3.0 ला विरोध करते, आणि एटीएससी 3.0 च्या मोठ्या पेटंटधारकांत सॅमसंग स्वतः आहे. कोरियात त्याच मानकाचे टीव्ही विकते. सोयीनुसार धर्म.

---

पाव तरंग

> लहर काय ब्रँड बघून आखूड होते?

नाही होत. हा मुद्दा तुमचा. अँटेना दोघांनाही तेवढाच लागतो आणि 5जी ब्रॉडकास्टवाले यावर मौन पाळतात, हे मी ऑफिसातही बोललोय (फारसं आवडलं नाही).

पण सॅमसंगबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते माझ्या बाजूचं आहे, तुमच्या नाही. टीव्ही बनवणारी सॅमसंग आणि फोन बनवणारी सॅमसंग यांचा हिशेब वेगळा. टीव्हीत ट्यूनर घातला तर जागा भरपूर, किमतीत फरक नगण्य. फोनमध्ये मिलिमीटरला भाव आहे. एकच कंपनी एकाच मानकाबद्दल दोन मतं देते, कारण मानक टीव्हीसाठी चांगलं आहे आणि फोनसाठी अवघड. ब्राझीलनेही ते घरच्या टीव्हीसाठी घेतलंय, छतावरच्या अँटेनासकट. रिले काकांचं उदाहरण उत्तम, पण ते डीटूएमचं उदाहरण नाही.

मग मी विचारतो, आपण टीव्हीपासून का सुरुवात करत नाही? फ्री डिशसाठी टीव्हीतच सॅटेलाइट ट्यूनर हवा, असं मानक 2022 मध्ये भारतीय मानक ब्युरोने काढलंच आहे. त्याच टीव्हीत जमिनीवरच्या सिग्नलचा ट्यूनर घालायला काय हरकत आहे? वरळीचा (दूरदर्शनचा) मनोरा 300 मीटर उंच आहे, त्याला फोनच्या आधी टीव्हीशी बोलू द्या.

---

वरळीचा मनोरा

कारण ज्या आठ-नऊ कोटी घरांत टीव्ही नाही त्यांना तुम्ही टीव्ही घ्यायला सांगताय! मी त्यांच्या हातात आहे त्यावर दाखवा म्हणतोय. केक खा म्हणणारी राणी आठवली.

---

डॅलसची मावशी

मनोरा, राणीपर्यंत जाऊ नका. त्या घरातल्या माणसाचा फोन बारा हजारांचा असेल तर त्यावर अडीच हजार तुम्ही चढवताय. चिप स्वस्त होईल हे मलाही दिसतं, कोटींनी बनली की सगळंच स्वस्त होतं, आणि 30 डॉलर हा आकडा विरोधकांचा आहे, म्हणजे थोडा फुगवलेला असणार. पण स्वस्त होईपर्यंतचा भार कोणी उचलायचा? इथे अमेरिकेत नवा ट्यूनर ऐच्छिक ठेवला. त्यामुळे भार कोणावर पडला नाही, आणि मानकही धड रुजलं नाही. दोन्ही एकदम मिळत नाही.

---

केबलवाला सोलापूर

माझ्या कुलपाच्या प्रश्नाला मनोरा साहेबांनी अजून उत्तर दिलेलं नाही. दोनदा वर स्क्रोल करून बघितलं.

---

वरळीचा मनोरा

केबलवाले भाऊ, मुद्दाम टाळलं नाही, उत्तर सुचत नव्हतं. मला वाटतं दूरदर्शनच्या वाहिन्या आणि आणीबाणीच्या सूचना कुलपाशिवायच हव्यात, हे सरकारने चिपची सक्ती करण्याआधी लिहून द्यावं. खाजगी वाहिन्यांनी कुलूप लावलं तर ते सगळ्या फोनवर एकाच किल्लीने उघडावं. आणि इंटरनेटशिवाय. मावशींच्या डब्यासारखं नाही.

पण मोबाइल कंपन्यांच्या तक्रारीत मला अजून पाणी दिसतं. टीव्हीचा पट्टा आम्हाला हवा म्हणतात, आणि 2022 च्या लिलावात 600 मेगाहर्ट्झ समोर ठेवला तर एकाने बोली लावली नाही.

---

निवृत्त रिले

ते महाग होतं म्हणून, नको होतं म्हणून नाही. घर नको आणि घराची किंमत नको, यात फरक असतो.

कुलपाबद्दल लिहिलंत ते मात्र पटलं. आमच्या काळात सिग्नल सोडला की तो ज्याच्या अँटेनावर पडेल त्याचा. सातारकडची माणसं कुठल्या कुठल्या टेकडीवर बांबू उभे करून आमचं चित्र ओढायची आणि 'दिसतंय' म्हणून पोस्टकार्ड पाठवायची. ती पोस्टकार्डं आम्ही नकाशावर टाचणीने लावायचो. कव्हरेजचा तो नकाशा खात्याच्या अधिकृत नकाशापेक्षा खरा होता.

---

पाव तरंग

काका, त्यावर वेगळा धागा काढा, प्लीज.

सक्तीबद्दल शेवटचं उदाहरण देतो. एफएम रेडिओ. चिप बऱ्याच फोनमध्ये आयती असते, स्वतंत्र खर्च जवळजवळ नाही, तरी कंपन्या ती बंद ठेवतात. एप्रिल 2023 मध्ये केंद्र सरकारने फोन उत्पादकांना सूचना दिली की एफएम बंद करू नका, असेल तिथे चालू ठेवा. आता आपापल्या फोनमध्ये एफएम शोधा आणि इथे लिहा.

---

खडूस सदाशिव

शोधलं. नाही. बायकोच्या फोनमध्ये आहे, पण ते म्हणतं आधी वायरचा हेडफोन लावा, आणि फोनला हेडफोनचं भोकच नाही.

---

पाव तरंग

कारण एफएममध्ये हेडफोनची वायर हाच अँटेना असतो. फिरून तिथेच आलो.

---

केबलवाला सोलापूर

मे 2025 मध्ये मुंबईत ते वेव्ह्ज संमेलन झालं, त्या सुमारास लाव्हा आणि एचएमडी डीटूएमचे साधे बटणवाले फोन आणणार अशी बातमी होती, चिप सांख्यचीच. आमच्याकडे बटणवाला फोन वापरणारी गिऱ्हाईकं भरपूर आहेत, माळकरी म्हातारे बहुतेक. त्यांना वारीत पालखी लाइव्ह दिसली तर दुसरं काही नको. तेव्हा पाव तरंग साहेब, एकच सांगा : त्या फोनचा अँटेना बाहेर असेल की आत?

---

पाव तरंग

हातात आला की मोजून सांगतो. पट्टी काढून ठेवली आहे.